मागच्या बैठकीवरील आठवणी

जुन्या मोटारींच्या आठवणी सांगण्याची हौस अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून बरीच वाढली आहे, आणि ती वाढावी यांत नवल नाहीं. ज्यांनीं जुन्या फोर्ड नि शेव्हरोले गाड्या रस्त्यावर धांवतांना पाहिल्या अशीं माणसें आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं. ज्यांचें बाळपण अँबॅसडर नि फियाट यांच्या मागच्या बैठकीवर गेलें तींहि आतां नातवंडांत रमलीं. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा या गांवांतील जुन्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या किंवा जिनवाल्यांच्या घरीं जावें, तों दिवाणखान्यांत एक छायाचित्र बहुधा दृष्टीस पडतेंच. मोटार मधोमध उभी. बॉनेटवर हात ठेवलेले घरधनी. पायरीवर दाटीनें बसविलेलीं मुलें. मागें नऊवारी नेसलेल्या, नजर खालीं वळविलेल्या स्त्रिया. छायाचित्र कोठें काढलें, त्या दिवशीं कोणाचें लग्न होतें, गाडी कितीला घेतली, हें सारें घरांतील वृद्ध मंडळी मोठ्या उत्साहानें सांगतात. मात्र चाकामागें जो बसलेला दिसतो, किंवा ज्याला छायाचित्रकारानें बाजूस सरावयास सांगितलें म्हणून ज्याची अर्धी बाहीच तेवढी चौकटींत आली आहे, त्याचें नांव विचारलें कीं संभाषण थबकतें. "कोणी तरी ड्रायव्हर होता," एवढेंच उत्तर येतें.

यांत कोणाचा हेतु वाईट असतो असें नाहीं. परंतु मोटार हांकण्याच्या आठवणी म्हणून आपल्या घराघरांतून जें सांगितलें जातें, तें बहुतांशीं मोटारींत बसण्याविषयीं असतें, हें आमच्या वाचकांनीं एकदां ध्यानीं घ्यावें. खिडकींतून येणारा वारा, पेट्रोलचा वास, वाटेंत झाडाखालीं उघडलेला दशम्यांचा डबा, घाटांत मुलांना झालेल्या ओकाऱ्या, या साऱ्या मागच्या बैठकीवरील गोष्टी होत. पुढें बसलेल्या मनुष्यानें त्याच वाटेवर काय पाहिलें, त्याला कशाची भीति वाटली, त्याला काय काय येत होतें, हें त्यांत सांपडत नाहीं. आणि त्याला जें येत होतें तें थोडें नव्हतें.

वऱ्हाडच्या नकाशांत यवतमाळ थोडें आडबाजूस पडतें. पूर्वीं या जिल्ह्यास वणी जिल्हा म्हणत. १९०५ सालीं पुसद तालुका त्यास जोडला जाऊन त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. कापूस येथला, सरकी काढण्याचे नि गठ्ठे बांधण्याचे कारखाने येथले, परंतु मुंबई-नागपूर लोहमार्ग मात्र जिल्ह्याला वगळून उत्तरेकडून गेलेला. त्यावरील जवळचें स्थानक धामणगांव. तें यवतमाळपासून सुमारें २९ मैल. कापसाच्या बंड्यांची रांग त्या सडकेवर हंगामभर लागलेली असे. पुढें मूर्तिजापुराहून कारंजा-दारव्हा मार्गें यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली, तीच लोकांची लाडकी 'शकुंतला'. सुमारें ११३ किलोमीटरांची ती वाट ती इतक्या सावकाश काटी कीं तिच्या गतीवरील विनोद हा वऱ्हाडांत एक स्वतंत्र विषयच होऊन बसला. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें. आतां यवतमाळांत तिची शिट्टी ऐकूं येत नाहीं.

अशा ठिकाणीं मोटार हें नुसतें मिरविण्याचें साधन नव्हतें. नागपूरच्या कोर्टांत उभें राहावयाचें तर रात्रीची मेल गांठण्यास धामणगांवापर्यंत पोहोंचणें आलें; अडलेल्या बाळंतिणीला खेड्यांतून यवतमाळच्या दवाखान्यांत आणावयाचें तर बंडींत सारी रात्र जाई, आणि कधीं कधीं तेवढी रात्र तिच्यापाशीं नसे. मोटारीनें हे तास वांचविले. ते कोणाच्या हातांनीं वांचले, हें मात्र कोठें लिहिलेलें आढळत नाहीं.

फोर्ड कंपनीची शाखा मुंबईंत १९२६ सालीं निघाली आणि जनरल मोटर्सनें गाड्या जुळविण्याचा कारखाना तेथेंच १९२८ मध्यें काढला. मोटारी आडगांवीं दिसूं लागण्यास त्यामुळें मदत झाली. परंतु त्याच्या आधींच 'टी' जातीच्या फोर्डनें निम्में जग पादाक्रांत केलें होतें. १९०८ ते १९२७ या अवधींत तशा दीड कोटि गाड्या तयार झाल्या. आजच्या एखाद्या सराईत मनुष्याला त्या गाडींत बसविलें, तर ती त्याला जागची हलवितां यावयाची नाहीं. तिला पेडलें तीन असत, परंतु त्यांचीं कामें निराळीं: डावें दाबलें म्हणजे गाडी संथ गतीनें पुढें जाई, सोडलें म्हणजे वेग घेई, मधलें दाबलें कीं मागें चाले, ब्रेक उजव्याला. पेट्रोल कमीजास्त करण्याचा दांडा पायाशीं नसून चाकाखालीं, हाताशीं असे. इंजिनांत ठिणगी लवकर पडावी कीं उशिरां, हेंहि ड्रायव्हरनेंच दुसऱ्या एका दांड्यानें ठरवावयाचें. ठिणगी मागें घेण्यास विसरून कोणी हँडल मारलें, तर तें उलट फिरून मनगटाचें हाड मोडी. म्हणून हँडल धरतांना अंगठा इतर बोटांच्या बाजूसच ठेवण्याची शिस्त असे. हें ज्ञान एका हातानें दुसऱ्या हाताला दिलें. क्लीनर म्हणून आलेलें पोर चार वर्षें चाकें धुई, ट्यूबला ठिगळें लावी, हँडल मारी, आणि मग एके दिवशीं त्याला रिकाम्या सडकेवर चाक धरावयास मिळे.

टाकीचा प्रकार तर मोठा मौजेचा. ती पुढच्या बैठकीखालीं असे आणि तींतील पेट्रोल केवळ उताराच्या बळावर इंजिनाकडे वाहे. किती पेट्रोल उरलें हें दाखविणारा कांटा नसे. पुढें बसलेल्या यजमानांस खालीं उतरवून, बैठक उचलून, टाकींत काठी बुडवून पाहावें लागे. जिल्ह्यांतील मोठमोठे मानकरी भर रस्त्यांत असे उभे राहत, आणि त्यांना उठविण्याचा अधिकार त्या घडीपुरता ड्रायव्हरला असे! पेट्रोल थोडें असतां उभा चढ आला, तर इंजिन टाकीहून उंच होऊन पेट्रोल त्याच्यापर्यंत पोहोंचतच नसे. मग जाणता ड्रायव्हर गाडी वळवून घेई आणि सबंध चढ उलट्या तोंडानें चढून जाई. धामणगांवाकडून येतांना यवतमाळच्या अलीकडे करळगांवचा घाट लागतो. मागच्या बैठकीवरील मंडळींना तो झाडींतील गार वाऱ्यामुळें आठवतो. पुढच्या मनुष्याला तो काठीच्या ओल्या टोंकावरून आठवत असला पाहिजे.

खरी परीक्षा पावसाळ्यांत. काळ्या मातीची वाट मृगाच्या दोन सरींनंतर वाट राहत नाहीं; माती चाकाला चिकटते, मडगार्डांत दाटते आणि शेवटीं चाक फिरूंच देत नाहीं. खडीच्या सडका मोजक्या. बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी या नद्यांना व त्यांना मिळणाऱ्या नाल्यांना पुष्कळ ठिकाणीं पूल नसून रपटे होते. पाणी रपट्यावर चढलें कीं दोन्ही तीरांवर गाड्या थांबत. मग तें उतरण्यास दोन घटका लागोत कीं दोन दिवस. पाणी ओसरूं लागल्यावर पहिली गाडी कोणी घालावयाची, हा निर्णय ड्रायव्हरचा असे. तो स्वतः पाण्यांत उतरून काठीनें ठाव घेई. रपट्याच्या कडेचे दगड डोकें वर काढतात काय हें पाही. पंख्यानें पाणी उडून प्लग भिजूं नयेत म्हणून पंख्याचा पट्टा काढून ठेवी. आणि मग पहिल्या गिअरमध्यें, वेग न वाढवितां व कोठेंहि न थांबतां, गाडी पलीकडे काढी. मध्येंच इंजिन बंद पडलें तर धुराच्या नळींतून पाणी आंत शिरणार, हें त्याला ठाऊक असे. मागें बसलेल्या आजीबाई त्या वेळीं रामरक्षा म्हणत असत, आणि गाडी पार झाली म्हणजे श्रेय कोणाला मिळे हें सांगावयास नकोच. तीरावरचा गुराखी म्हणे, "थांबा जी, पानी आखीन कंबरभर हाये," आणि त्याच्या शब्दाखातर वकीलसाहेबांची तारीख चुके.

चिखलांत रुतलेली मोटार बैलांनीं ओढून काढल्याची गोष्ट ज्या घरीं सांगत नाहींत असें जुनें मोटारवालें घर विरळा. ती सांगतांना सर्वजण हंसतात. घोड्यांचें बळ बैलांपुढें हरलें यांत विनोद आहेच. परंतु ते बैल कोणाचे होते? पेरणीच्या दिवसांत औत सोडून आलेल्या त्या शेतकऱ्याची सकाळ गेली, तिचा मोबदला त्याला काय मिळाला? कांहीं घरीं एक रुपया दिल्याचें सांगतात, कांहीं घरीं नुसते आभार. बहुतेक ठिकाणीं हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नसतो.

रात्रीचा प्रवास याहून नाजूक. कापसाच्या हंगामांत बंड्या रात्रीच्या थंडाव्यांत चालत. गाडीवान बैलांच्या भरंवशावर गठ्ठ्यांवर झोंपलेले. बंडीखालीं कंदील असला तर असला. मागून मोटारीचा भोंगा वाजला कीं बैल बुजत आणि बंडी सडकेच्या उताराला लागे. चांगला ड्रायव्हर अशा वेळीं भोंग्याला हात लावीत नसे. तो गाडी दूर उभी करून क्लीनरला पुढें धाडी, आणि तो पोरगा एकेका गाडीवानाला हलवून जागें करीत, कासरा धरून बंड्या कडेला घेई. वाईट ड्रायव्हरहि होतेच, आणि उतावळे मालक त्यांहून अधिक. मोटार वाहनांचा कायदा १९३९ सालीं झाला, तरी मोटारीनें दुखापत झालेल्या त्रयस्थासाठीं विमा उतरण्याची सक्ति अंमलांत येण्यास १ जुलै १९४६ हा दिवस उजाडावा लागला. तोंवर मोटारीखालीं सांपडलेल्या गाडीवानाच्या बायकापोरांना कांहीं मिळणें, हें मोटारवाल्याच्या ऐपतीवर नि त्याच्या सद्बुद्धीवरच बहुधा अवलंबून राही. जुन्या मोटारींची गोडी गातांना हा भाग वगळूं नये.

पैनगंगेपलीकडे निजामाचें राज्य. पांढरकवड्याकडून आदिलाबादेस किंवा उमरखेडाकडून नांदेडास जावयाचें म्हणजे परराज्यांत शिरणें होतें. तिकडे करोडगिरीचें नाकें, तिकडचा रुपया हाली. सात हाली रुपये म्हणजे सुमारें सहा कलदार. १९४८ च्या सप्टेंबरांत पोलीस कारवाई होऊन तें राज्य संपेपर्यंत ड्रायव्हरला हा हिशेब तोंडीं करावा लागे, आणि नाक्यावरच्या शिपायाशीं उर्दूंत बोलावें लागे. भाषांचें म्हणाल तर केळापूर-पांढरकवडा भागांत कोलामी, गोंडी नि तेलुगु. पुसद-दारव्ह्याकडच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी. आणि सगळीकडे वऱ्हाडी. वाट विचारण्यापुरतें, पाणी मागण्यापुरतें, गाडी ढकलावयास चार माणसें बोलावण्यापुरतें यांतलें बरेंचसें त्याला येई. मागें बसलेल्या पदवीधरांना इंग्रजी उत्तम येई, पण तें नाल्याकांठीं उपयोगी पडत नसे.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि पुष्कळ बसगाड्यांच्या पाठीशीं कोळशाच्या वायूची भट्टी बसली. पहांटे उठून क्लीनरनें ती पेटवावी, पंखा फिरवून वायु धरावा, आणि एवढें करून इंजिनाचा जोर पेट्रोलच्या मानानें बराच उणा. चढ आला कीं उतारूंनीं उतरून गाडी ढकलावी, हा अलिखित नियम. त्या वर्षांची आठवण सर्वांनाच सारखी आहे, कारण तेव्हां सर्वांनाच हात लावावा लागला.

आतां जें लिहावयाचें तें थोडें अवघड आहे. आगगाडीनें आपलें सोंवळें सैल केलें असें आपण म्हणतों, आणि तें खरेंहि आहे. तिकीट काढणाऱ्याची जात डब्याला दिसत नसे. सार्वजनिक मोटारीनेंहि तेंच केलें. खासगी मोटारीचें तसें नव्हतें. तींत दोन बैठका होत्या आणि त्यांच्यामधील हातभर अंतरांत पुष्कळ कांहीं मावे. ड्रायव्हर कोठें मुसलमान असे, कोठें कुणबी किंवा तेली, कोठें महार. साऱ्या घराचा जीव त्याच्या हातीं सोंपविलेला. पण गाडी थांबली कीं त्याचा पेला निराळा, त्याच्या जेवणाची जागा ओट्याच्या कोपऱ्यावर किंवा गाडीच्या सावलींत, आणि पत्रावळ त्यानेंच उचलावयाची. बापाच्या वयाच्या त्या मनुष्याला घरचें दहा वर्षांचें पोर 'अरे' म्हणून हांक मारी. सर्वच घरीं असें चाले असें आम्ही म्हणत नाहीं. ड्रायव्हरच्या मुलांना स्वतःच्या मुलांबरोबर शाळेंत धाडणारे घरधनीहि या जिल्ह्यांत होऊन गेले. तथापि वाहन हांकणारा व वाहनांत बसणारा यांच्यांतील नातें आपल्या समाजांत सहसा साधें नव्हतें.

याचा एक दाखला वऱ्हाडाबाहेरचा, खानदेशांतला आहे. तो मोटारीचा नसून टांग्याचा आहे, तरी येथें तो द्यावयास हवा. १९२९ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगांवास उतरले. महार उतारूला बसवून टांगा हांकणें टांगेवाल्यांस कमीपणाचें वाटलें. शेवटीं तडजोड निघाली ती अशी कीं, टांगा भाड्यानें मिळेल, परंतु टांगेवाला हांकणार नाहीं. ज्याला संवय नव्हती अशा मनुष्याच्या हातीं लगाम आले. पुलावर चाक दगडांत अडकलें, बाबासाहेब फरशीवर फेंकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्याहून कोणताहि टांगेवाला स्वतःस श्रेष्ठ समजतो, हा तींतील बोंच त्यांनीं लपविलेला नाहीं. आमच्याकडील मोटारींत चित्र उलटें होतें. बसणारा वरचा नि हांकणारा खालचा. परंतु दोन्ही ठिकाणीं सारा प्रश्न त्या दोन बैठकांमधल्या हातभर जागेचाच होता.

स्वराज्यानंतर ही जागा हळूहळू बदलली. महायुद्धांतून उरलेल्या आणि १९४७ पासून मुंबईंत महिंद्रांनीं जुळविलेल्या जीप सरकारी दौऱ्यांवर धुरळा उडवूं लागल्या. हिंदुस्थान मोटर्सची लँडमास्टर १९५४ मध्यें निघाली आणि थोड्याच वर्षांत अँबॅसडर आली. मुंबईस कुर्ल्याला प्रीमियर कंपनी फियाट जुळवूं लागली. पहिल्या फियाट ११०० ला तिच्या गोलसर पाठीवरून 'डुक्कर फियाट' हें नांव पडलें. असें नांव ठेवूनहि तिच्यावर पोटच्या पोरीसारखें प्रेम करणें हें मराठी माणसालाच साधावें! देशांत मोटारी करणाऱ्या कंपन्या जेमतेम तीन. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि गाडी दारांत आली कीं तिला कुंकू लावून, नारळ फोडून, चाकाखालीं लिंबें ठेवून तिचें स्वागत होई.

या गाड्या घेणारा वर्ग निराळा होता. गांवोगांवचे डॉक्टर, कॉलेजांतील प्राध्यापक, सरकारी इंजिनिअर. गाडी ठेवून वर ड्रायव्हर ठेवणें बहुतेकांना झेंपण्यासारखें नव्हतें, म्हणून तो गृहस्थ स्वतः चाकामागें बसला. आपल्या घरांतल्या मोटार हांकण्याच्या आठवणी खऱ्या अर्थानें येथून सुरू होतात, आणि त्या फार गोड आहेत. चाकाच्या दांड्यालाच लावलेला गिअर. पुढची एकसंध बैठक, तींत तिघे बसून चौथ्या मुलाला मांडीवर घेतलेलें. वळतांना खिडकींतून बाहेर काढलेला वडिलांचा हात, आणि पाऊस असला तर ती भिजलेली बाही. वैशाखांत कळंबपर्यंत जाईतों पेट्रोलचा पंप तापून गाडी बसे. मग त्यावर ओलें फडकें टाकून सर्वांनीं झाडाखालीं वाट पाहावयाची. रेडिएटर झिरपूं लागला कीं त्यांत हळद टाकावयाची. पेट्रोलच्या टाकीला बारीक चीर पडली तर तींत कपड्यांचा साबण दाबावयाचा. घरची गृहिणी प्रवासाच्या पिशवींत हळदीची पुडी ठेवी, ती नुसती स्वयंपाकासाठीं नसे.

ह्या युक्त्या आल्या कोठून? त्या ड्रायव्हर नि मिस्त्री यांच्याकडून आल्या. नव्या मालकाला शिकविण्यास जो येई, तो बहुधा एखाद्या जिनवाल्याकडे वीस वर्षें चाक धरलेला जुना मनुष्यच असे. आमच्या वाचकभगिनींपैकीं ज्यांनीं त्या काळीं यवतमाळसारख्या गांवीं गाडी शिकण्याचें धाडस केलें, त्यांनीं तर तें अवश्य लिहून काढावें. साडी सांवरून क्लच दाबणाऱ्या बाईकडे सारा बाजार वळून पाही, आणि शेजारीं बसलेला तो वृद्ध शिक्षक, नजर समोर ठेवून, "बाईसाहेब, क्लच हळूहळू सोडा जी," असें पन्नासदां सांगे. स्वतःच्या घरांतील पुरुषांहून त्याला धीर अधिक होता, असें मत आम्हीं एकीहून अधिक जणींच्या तोंडून ऐकलें आहे.

पुढचें सर्वांना माहीत आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या मारुति ८०० ची किल्ली दिली गेली, आणि मालकानें गाडीखालीं शिरण्याचे दिवस सरत चालले. २०१४ मध्यें अँबॅसडरचें उत्पादन थांबलें. नागपुराहून वर्ध्यावरून यवतमाळास येणारी सडक आतां चौपदरी आहे. पांढरकवड्यावरून हैदराबादेस जाणारा महामार्ग, ज्याला सातव्या क्रमांकानें सारे ओळखत, तो चव्वेचाळीस झाला. गाडीच आतां वळणें सांगते. हें वाईट झालें असें म्हणणें निव्वळ ढोंग होईल. रपट्यावर ज्यानें एक रात्र काढली आहे तो तरी तसें म्हणणार नाहीं.

भाषेंत मात्र ते दिवस शिल्लक आहेत. जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतों. वेल्समधील लानेली गांवांत स्टेपनी नांवाचा एक रस्ता आहे. तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं जादा चाक बनविण्याचा धंदा निघाला, आणि रस्त्याचें नांव चाकाला मिळालें. तिकडे तो शब्द जवळजवळ विसरला गेला. यवतमाळच्या कोणत्याहि पंक्चरच्या दुकानांत तो रोज उच्चारला जातो. 'क्लीनर'चा ट्रकवाल्यांनीं 'किन्नर' केला. आणि 'डिकी'? गाडीच्या मागील बाजूस असलेली ती उघडी बैठक. घोडागाडीच्या काळांत साहेबाचे नोकर अशा जागीं बसत. आपण तींत सामान ठेवतों.

तेव्हां आमचें वाचकांस सुचविणें आहे तें असें. ज्यांनीं १९५५-६० च्या सुमारास क्लीनर म्हणून सुरुवात केली, ते आज पंचाऐंशीच्या घरांत आहेत. त्यांतले कांहीं यवतमाळांत, वणींत, पांढरकवड्यांत मुलांकडे राहतात. कित्येकांच्या मुलांचीं आतां स्वतःचीं गॅरेजें आहेत. त्यांच्याकडे जावें, आपल्या घरचें तें छायाचित्र बरोबर न्यावें, आणि जुन्या गाडीची स्तुति करून घेण्यापेक्षां साधे प्रश्न विचारावे. कोणता रपटा आधीं बुडे? चैत्रांत गाडीला पाणी कोठें मिळे? रात्रीं मालक पाहुण्यांकडे निजले म्हणजे आपण कोठें निजत होतां? पगार किती होता, आणि गाडीला ओरखडा पडला तर तो कापला जाई काय? चौकटींत अर्धी बाही कोणाची आहे?

असे प्रश्न घेऊन आम्ही एका वृद्ध ड्रायव्हरांकडे गेलों होतों. १९६० नंतरचीं कांहीं वर्षें ते यवतमाळ-पांढरकवडा सडकेवर एका कुटुंबाची गाडी चालवीत. त्या कुटुंबांतील मंडळींशीं आमचा परिचय आहे, आणि त्या सडकेवरील एका गांवाजवळचा आंब्याखालचा थांबा त्यांच्या बोलण्यांत नेहमीं येतो: तेथली गार सावली, तेथल्या विहिरीचें गोड पाणी, दशम्या नि लसणाची चटणी. आम्हीं त्या थांब्याचें नांव काढतांच ड्रायव्हरसाहेबांनींहि लगेच ओळख दिली. पाणी चांगलें होतें काय, असें आम्हीं विचारलें.

"चांगलंच असन जी. आमच्या समाजाले त्या विहिरीवर चढू देत नव्हते. मालकानं आवाज देल्ला का विहिरीवरचा मानूस वरतून डब्यात पानी ओतून दे, गाडीसाठी. गाडीले कोनी नाही म्हनत नव्हतं."

आणि आपण स्वतः?

"मी रेडिएटरात थोडं कमी टाकाचो," ते म्हणाले. "डब्यात दोन घोट ठेवाचो."